ड्रॅगन थांबलाय

2012 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ठाण्याच्या घरी आई मेथी निवडत बसली होती आणि मी टीव्हीसमोर 'स्कायरिम' खेळत होतो. हा खेळ सुरू होतो तो घोडागाडीत. आपले हात बांधलेले असतात आणि गाडी शिरच्छेदाच्या जागेकडे चाललेली असते. कुऱ्हाड मानेवर पडणार तोच आकाशातून एक काळा ड्रॅगन उतरतो, हेल्गन नावाचं अख्खं गाव जाळून टाकतो आणि त्या गोंधळात आपण निसटतो. पुढे कळतं की हा अल्डुइन सगळं जगच गिळायला आलाय आणि त्याला मारू शकणारे आपण एकटेच आहोत. आईने हे सगळं येता-जाता पाहिलं होतं. त्यानंतरचे तीन आठवडे तिने मला डोंगरातली निळी फुलं तोडताना पाहिलं, फुलपाखरं पकडून त्यांचे पंख पिशवीत भरताना पाहिलं, नदीतले मासे काढताना पाहिलं. लोकांच्या घरातून चीजच्या गोल चकत्या उचलून आणून मी त्या माझ्या घरातल्या फळीवर रचत होतो. दुकानदाराच्या डोक्यावर बादली उपडी घालायची, म्हणजे त्याला दिसत नाही, आणि मग त्याच्यासमोरच दुकान साफ करायचं, हा उद्योगही तिने पाहिला.

मेथीची जुडी बाजूला ठेवून तिने विचारलं, "अरे, त्या ड्रॅगनचं काय झालं?"

"आहे तो."

"आहे म्हणजे? गाव जाळलं ना त्याने?"

"थांबलाय तो."

परीक्षा अजून लांब आहे असं मी शाळेत असताना म्हणायचो, तेव्हा ती जशी बघायची तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

या प्रश्नाचं नीट उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता थोडंफार आहे. ड्रॅगन थांबतो, हीच या खेळांची सगळी जादू आहे असं माझं म्हणणं आहे. समीक्षकांना हा दोष वाटतो. कथा सांगते घाई करा आणि खेळ सांगतो सावकाश या, ही विसंगती त्यांना खटकते. माझ्या मते ही विसंगती दुरुस्त केली तर खेळात उरतं ते एक बऱ्यापैकी कंटाळवाणं युद्ध.

ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिथे हिंडू देणारे, फँटसी खेळ लोकांना का आवडतात याची तयार उत्तरं दोन-तीन आहेत. पहिलं पलायनाचं. वास्तवाचा जाच होतो म्हणून माणूस कल्पनेत पळतो, असं आपण नाटक-सिनेमापासून लॉटरीपर्यंत सगळ्यांबद्दल म्हणत आलो आहोत. टॉल्किनने 1939 मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात या आरोपाला चांगलं उत्तर दिलं होतं. तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा शिपाई यांना एकाच मापाने मोजू नका, अशा अर्थाचं. पण टॉल्किनलाही बाजूला ठेवून एक साधी गोष्ट बघा. पळून जाऊन आपण तिथे करतो काय? स्कायरिममध्ये सुरुवातीला 300 एवढं वजन उचलता येतं. त्याच्यावर एक वाटी जरी घेतली तरी पात्राला पळता येत नाही, पाय ओढत चालावं लागतं. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून काय टाकायचं, काय ठेवायचं, कुठली ढाल कुठल्या गावात जास्त भावाने जाईल, याचा हिशोब करावा लागतो. ही हमाली आहे. दिवसभर ऑफिसात हमाली करून रात्री पलायन म्हणून माणूस परत हमालीच करतो, हे काही पटत नाही.

दुसरं उत्तर पराक्रमाचं. खऱ्या आयुष्यात आपण कुणी नसतो, तिथे वीर असतो. हे थोडं खरं आहे, पण पराक्रम तर साध्या मारधाडीच्या खेळातही मिळतो, तोही पाच मिनिटांत. त्यासाठी शंभर तास घालवायची गरज नाही.

तिसरं स्वातंत्र्याचं, आणि हे सगळ्यात फसवं. स्वातंत्र्य म्हणजे काहीही करण्याची मुभा असेल तर ती या खेळांमधून कमीच होत गेली आहे. 2002 च्या 'मॉरोविंड'मध्ये कथेला अत्यावश्यक असलेल्या माणसालाही आपण मारू शकत होतो. मारल्यावर खेळ फक्त एक सूचना द्यायचा, की भविष्यवाणीचा धागा तुटला, आता जुना सेव्ह उघडा किंवा या बिघडलेल्या जगातच राहा. स्कायरिममध्ये असली माणसं मरतच नाहीत. ती गुडघ्यावर बसतात, धापा टाकतात आणि उठून उभी राहतात. स्वातंत्र्य घटलं, तरी 2023 पर्यंत या खेळाच्या 6 कोटींवर प्रती खपल्या होत्या.

मग राहतं काय? राहते उनाडकी.

मराठीत हा शब्द रागावताना वापरतात. उनाडक्या करणं, हुंदडणं, गाव उंडारणं, नुसतं हिंडणं. या सगळ्यांच्या मागे एक अदृश्य घड्याळ असतं आणि ते बघणारा कुणीतरी मोठा माणूस असतो. कामाला निघालेला मुलगा वाटेत गारुड्याचा खेळ बघत उभा राहिला तर दळण उशिरा येतं, मग बोलणी बसतात. ओपन वर्ल्ड खेळात वाटेत कितीही वेळ उभं राहिलं तरी दळण उशिरा येत नाही. दळणच वाट बघतं. जगबुडी, राजाचा खून, हरवलेली मुलगी, सगळे आपण दार उघडेपर्यंत दाराआड ताटकळत असतात. प्रत्यक्ष आयुष्यात एका वाटेने गेलं की दुसरी बंद होत जाते. बावीसाव्या वर्षी न केलेली गोष्ट बेचाळीसाव्या वर्षी तशीच करता येत नाही. इथे ती येते.

घड्याळ लावून पाहण्याचे प्रयोग झालेले आहेत. 1997 चा पहिला 'फॉलआउट' फँटसीतला नव्हे, अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेतला. पण धडा तोच. जमिनीखालच्या वस्तीचं पाणी संपत आलंय, 150 दिवसांत यंत्राचा एक सुटा भाग शोधून आणा, असं तो सांगायचा, आणि खरंच दिवस मोजायचा. पुढे 500 दिवसांची आणखी एक छुपी मुदत होती. खेळणाऱ्यांना हे पचलं नाही, आणि दुरुस्ती म्हणून आलेल्या पॅचने ती मुदत 13 वर्षांवर नेली. 13 वर्षं म्हणजे मुदत नसल्यातच जमा. 2000 साली आलेल्या झेल्डा मालिकेतल्या 'मेजोराज मास्क'मध्ये तीन दिवसांत चंद्र जमिनीवर आदळतो. तो खेळ श्रेष्ठ आहे, मला मान्य आहे, पण तो खेळताना माझ्या पोटात बोर्डाच्या परीक्षेसारखा गोळा यायचा.

आकाराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण जाहिराती नेहमी आकाराच्याच असतात. स्कायरिम ज्या 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेत येतो, तिच्यातला 1996 चा 'डॅगरफॉल' एवढा अवाढव्य होता की त्याच्या नकाशाची तुलना ग्रेट ब्रिटनशी केली जायची. 15 हजारांवर ठिकाणं. ती माणसांनी बसून रचलेली नव्हती. बहुतेक जग गणिती नियमांनी संगणकाकडून पाडून घेतलेलं होतं, साच्यातून विटा पाडाव्यात तसं. परिणाम असा की एका गावातून दुसऱ्या गावात गेलं तरी आपण कुठे गेल्यासारखं वाटायचं नाही. पुढच्या मॉरोविंडमध्ये कंपनीने शहाणपणा केला. एकच बेट घेतलं आणि हाताने सजवलं.

त्या बेटावरचा एक प्रसंग सांगतो. सेडा नीन या बंदरावर खेळ सुरू होतो. गाव सोडून रस्त्याला लागलं की जरा वेळाने वरून किंकाळी ऐकू येते. मान वर करेपर्यंत एक जादूगार आकाशातून धाडकन आपल्या पुढ्यात पडतो आणि मरतो. कुणी काही सांगत नाही. बाण नाही, सूचना नाही. त्याच्या अंगावर एक रोजनिशी आणि तीन गुंडाळ्या सापडतात. रोजनिशीवरून कळतं की उंच उडी मारण्याचा मंत्र आपल्याला सापडला, अशी त्याची खात्री झाली होती. मग जो तो तेच करतो. एक गुंडाळी उघडतो, उडी मारतो, पायाखालून अर्धं बेट सरकताना बघतो, आणि मंत्राचा जोर काही सेकंदांचाच असल्यामुळे खाली येताना त्या जादूगारासारखाच मरतो. दुसऱ्या खेपेला कळतं, की जमीन जवळ आली की दुसरी गुंडाळी उघडायची असते. मुख्य कथेशी याचा काडीचा संबंध नाही. इकडेतिकडे न बघता रस्त्याने सरळ चालणाऱ्याला यातलं काहीच मिळणार नाही. मॉरोविंड खेळलेल्या कुणालाही विचारा, शेवटी काय होतं ते त्याला धड आठवणार नाही, हा माणूस मात्र आठवेल.

स्कायरिमचा नकाशा चाळीस चौरस किलोमीटरही भरत नाही. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान याच्या दुपटीहून मोठं आहे. एवढ्याशा जागेत नऊ शहरं, बर्फाळ शिखरं, दलदल, समुद्रकिनारा बसवलाय आणि तिथला दिवस आपल्या 72 मिनिटांत मावळतो. हाय ह्रॉथगारच्या मठाकडे जाणाऱ्या वाटेला सात हजार पायऱ्या म्हणतात. चिकाटीच्या लोकांनी मोजल्या तर हजारही भरल्या नाहीत. यावर इंग्रजीत बरेच विनोद झाले. जेजुरीच्या गडाला नऊ लाख पायऱ्या आहेत असं लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पायऱ्या चढणाऱ्याच्या मांड्यांना विचारायच्या असतात. स्कायरिममध्ये त्या वाटेवर ठिकठिकाणी कोरलेले दगड आहेत, वाऱ्याचा आवाज वाढत जातो, मध्येच एक ट्रोल अंगावर येतो. वर पोचल्यावर सात हजार पटतात.

'झेल्डा'चा कर्ता शिगेरू मियामोतो याच्या बालपणाची गोष्ट या क्षेत्रात पुराणकथेसारखी सांगितली जाते. क्योतोजवळच्या सोनोबे गावात तो वाढला. एकटाच टेकड्या-रानं हिंडायचा, तिथे त्याला एक गुहा सापडली आणि तो कंदील घेऊन पुन्हा तिथे गेला. 1986 चा पहिला 'झेल्डा' त्या कंदिलातून निघाला. 2017 मध्ये आलेला याच मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' करताना दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशीने अंतरांचा अंदाज यावा म्हणून क्योतो शहराचा नकाशा खेळाच्या जगावर ठेवून पाहिला. ओळखीच्या देवळापासून ओळखीच्या दुकानापर्यंत चालायला किती वेळ लागतो ते अंगात भिनलेलं असतं, त्या मापाने त्याने जग आखलं. त्याच्या चमूने आणखी एक युक्ती सांगितलेली आहे. वाटेत त्रिकोणी आकार ठेवायचे, टेकडीचे, खडकाचे. त्रिकोण दिसला की माणसापुढे दोनच पर्याय राहतात, चढून जायचं की वळसा घालायचा. आणि त्याच्यामागे काय आहे हे तोवर झाकलेलं राहतं. सह्याद्रीत भटकलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. पुढची खिंड ओलांडली की काय दिसेल, या एका प्रश्नावर माणसं रविवारचे रविवार घालवतात.

याच खेळात कोरोक नावाची छोटी वनदेवतांची जमात आहे. कुठे एकटाच पडलेला दगड उचलला, कुठे दगडांच्या वर्तुळातली रिकामी जागा भरली, की खाली लपलेला कोरोक प्रकट होतो आणि एक बी देतो. अशा 900 बिया आहेत. त्या देऊन हत्यारं ठेवायची पिशवी वाढवून घेता येते आणि ती पूर्ण वाढवायला 441 पुरतात. पुढच्या साडेचारशे बिया जो हट्टाने शोधेल, त्याला शेवटी बक्षीस मिळतं ते सोनेरी गूचं एक भेंडोळं. लोक चिडले. मला मात्र हे सबंध खेळातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं. बाबा रे, तू हिंडलास ते हिंडण्यासाठी, आता वर मोबदला कसला मागतोस?

कारण खरा धोका मोबदल्याचाच आहे. उनाडकीला पगार लावला की तिची नोकरी होते. एल्डर स्क्रोल्स मालिकेतल्या 2006 च्या 'ऑब्लिव्हियन'ने होकायंत्रावर बाण आणला. त्याआधी मॉरोविंडमधली माणसं तोंडी पत्ता सांगायची, पूल ओलांडा, दोन खडकांच्या मधून डावीकडे वळा. ते पत्ते कधीकधी चुकायचे, आणि चुकल्यामुळेच भलतीकडे काहीतरी गवसायचं. बाण आल्यावर डोळे जगावरून उठले आणि बाणावर स्थिरावले. (त्याच वर्षी त्याच खेळाने घोड्यासाठी अडीच डॉलरचं चिलखत विकायला काढलं. लोक तेव्हा हसले होते. आज त्या धंद्यावर कंपन्या चालतात.) पुढे इतर खेळांत मनोरे आले. मनोऱ्यावर चढलं की परिसरातल्या सगळ्या गोष्टींच्या खुणा नकाशावर उमटतात, आणि मग एकेक खूण पुसत जायचं. हा अनुभव मला दिवाळीच्या सुट्टीतल्या गृहपाठाच्या वहीसारखा वाटतो. सुट्टी आहे हे खरं, पण पानं भरायचीच आहेत.

2022 च्या 'एल्डन रिंग'ने या खुणा फेकून दिल्या, तरी तो वर्षभरात 2 कोटींवर खपला. सुरुवातीलाच, उजेडात बाहेर पडल्या पडल्या, सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार भेटतो आणि नवख्याला दोन फटक्यांत लोळवतो. पाच-सहा वेळा मेल्यावर डोक्यात प्रकाश पडतो की याच्याशी आत्ता लढलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. बाजूने वळसा घालायचा, दहा-बारा तास दुसरीकडे काढायचे, हत्यार बरं मिळालं की परत यायचं. घोडेस्वार तिथेच असतो. टाळाटाळ ही इथे अधिकृत युद्धनीती आहे.

आता माझ्याच म्हणण्यावरचा आक्षेप. जे जग माझ्यासाठी थांबतं, त्यात माझ्याशिवाय कुणी राहत नाही. स्कायरिममधल्या व्हाइटरन शहराचा दुकानदार शंभराव्या दिवशीही तेच वाक्य म्हणतो. माझ्या हलगर्जीपणाने तिथे कुणाचंच वाईट होत नाही, तर मग तिथल्या चांगुलपणाला तरी काय किंमत? रिचर्ड गॅरियटला हा प्रश्न फार लवकर पडला. 1985 च्या 'अल्टिमा 4'मध्ये त्याने खलनायकच काढून टाकला आणि खेळणाऱ्याला आठ सद्गुण अंगी बाणवायला लावले. जादूची वनौषधी विकणारी एक आंधळी बाई होती. पैसे किती द्यायचे ते आपणच सांगायचं. कमी दिले तर तिला कळायचं नाही, खेळाला कळायचं, आणि आपला प्रामाणिकपणा गुपचूप घटायचा. या खेळाच्या नावात त्याने आपला 'अवतार' हा शब्द घेतला. आपल्याकडे देव खाली उतरतो, त्याच्याकडे टेक्सासमधला शाळकरी मुलगा की-बोर्डवरून खाली उतरला. तिथून तो शब्द जगभर फिरून प्रोफाइलच्या फोटोला चिकटून आपल्याकडे परत आलाय.

गॅरियटपेक्षा मोठं उत्तर पोलंडमधून आलं. आंद्रेय सापकोव्स्कीच्या पुस्तकांवरून वॉर्सातल्या कंपनीने केलेला 'विचर 3' 2015 मध्ये आला. त्यातला गेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारतो. पण सुरुवातीच्याच एका गावात एक म्हातारी त्याला अडवते ती कढईसाठी. एका अनोळखी माणसाने तिची चांगली कढई नेली आणि झोपडीत जाऊन दार लावून घेतलं. गेराल्ट दार फोडतो. आत मुडदा आहे, जळालेले कागद आहेत, आणि कढई लख्ख घासलेली. माणसाने काजळी खरवडून तिची शाई केली होती. मागे काहीतरी मोठं, युद्धातलं कारस्थान घडून गेलंय, आणि म्हातारीला आनंद कशाचा, तर कढई इतकी स्वच्छ परत आली याचा. ही सगळी भानगड दहा मिनिटांची आहे. याच खेळात पुढे एक दारुडा सरदार भेटतो. त्याच्या मारहाणीतून बायकोचा गर्भ पडलेला असतो, आणि त्या न जन्मलेल्या मुलाचं भूत झालेलं असतं. त्याला शांत करायचं तर नाव ठेवून उंबरठ्याखाली पुरावं लागतं. पूर्वजांना जेवू घालण्याची स्लाव्ह लोकांची एक रात्रही या खेळात येते, आणि सर्वपित्रीला गच्चीवर पान ठेवणाऱ्या घरातल्या माणसाला ती परकी वाटत नाही. त्या सरदाराच्या कथेत आपण टेकडीखालच्या एका आत्म्याला सोडवतो की मारतो, यावर कुणाची मुलं जगतात आणि कुणाचं गाव उठतं ते ठरतं. दोन्हीकडे काहीतरी गमवावं लागतंच. म्हणजे निवड होईपर्यंत जग थांबतं, निवड झाल्यावर मात्र माफ करत नाही.

आपल्या मातीतलं असं काही का नाही, असं हमखास विचारलं जातं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' काढला, आपल्या पुराणांचं आणि चित्रशैलींचं सुंदर काम आहे; पण तो एका वाटेने पुढे जाणारा खेळ आहे आणि छोट्या चमूला तेच परवडतं. उनाडकीला जागा लागते, आणि जागा सगळीकडेच महाग असते.

खरं तर या लेखात मला ज्याबद्दल बोलायचं होतं त्याच्याकडे मी फार वळसा घालून आलो. स्कायरिम आला त्याच वर्षी, 2011 मध्ये, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे मुंबईतल्या बायकांबद्दलचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की शहरात बाई बाहेर दिसू शकते, पण काही कारण असेल तर. कामाला निघालेली, भाजी घेऊन येणारी, मुलाला शाळेत सोडणारी. कारण नसेल तर तिला ते असल्याचं दाखवावं लागतं, हातात पिशवी, कानाला फोन. विनाकारण कट्ट्यावर बसण्याचा हक्क तिला नाही, आणि नागरिक असणं म्हणजे तोच हक्क असणं. मी वर एवढं कौतुकाने उनाडकीबद्दल लिहिलं, मियामोतोचा कंदील आणि गारुड्याच्या खेळात रमलेला मुलगा उभा केला, आणि लिहिताना दोन्ही वेळा मुलगाच का आला ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मेथीच्या प्रसंगानंतर महिनाभराने मी आईच्या हातात कंट्रोलर दिला. नवा खेळ सुरू केला, हेल्गनमधून तिला बाहेर काढून दिलं आणि म्हटलं, आता तू जा, कुठेही जा. तिने डाव्या आणि उजव्या अंगठ्याचं गणित बऱ्यापैकी लवकर जमवलं. रस्ता उतरणीचा होता. वाटेत तीन उभे जादूई दगड लागतात, तिथे प्रत्येक जण थांबतो. ती थांबली नाही. खाली नदी आहे, धबधबे आहेत, फुलपाखरं उडत असतात. ती रस्त्याच्या कडेकडेने चालत राहिली, मधून नाही, कडेने. समोरून एक लांडगा आला, तो मी मारून दिला. रिव्हरवुडची वेस दिसली, लाकडं कापण्याचा आवाज यायला लागला, तशी तिने कंट्रोलर माझ्याकडे परत केला.

"आलं गाव," ती म्हणाली, आणि कुकरची शिट्टी किती झाली ते विचारलं.